चार वन्थन आणि थांबलेला मोबाइल

गेल्या अंकात हाँगकाँगच्या वन्थन-नूडलच्या, म्हणजे पातळ आवरणात कोळंबी भरलेले वन्थन आणि बारीक नूडल रश्श्यात घालून देणाऱ्या दुकानांबद्दल जाता जाता दोन परिच्छेद लिहिले होते. त्यात एक वाक्य होतं : 'हाँगकाँगला जाऊन हे खाल्लं नाही तर विमानाचं तिकीट वाया गेलं समजा.' एकोणीस वर्षं त्या शहरात संसार केला, म्हणून जरा अधिकाराने लिहून गेले. त्या वाक्याने चांगलीच पत्रं ओढून आणली. त्यातली चार-पाच इथे घेते. पहिलं पत्र चिडलेलं आहे आणि मला तेच सगळ्यात आवडलं.

प्रश्न : ताई, तुमचं ते वाक्य वाचून हसावं की रडावं कळेना. मे महिन्यात आम्ही तिघं हाँगकाँगला गेलो होतो. मुलाने शोधून सेंट्रल भागातल्या एका नावाजलेल्या दुकानात नेलं. आत पाऊल टाकल्याबरोबर मला आणि मुलाला दोन अनोळखी बायकांच्या टेबलावर कोंबलं, ह्यांना तिसऱ्याच टेबलावर. वेटर हसला नाही की बोलला नाही. वाडगे आदळले आणि गेला. वाडगा केवढा, तर आमच्याकडच्या आमटीच्या वाटीचा थोरला भाऊ! मुलाने फोटो काढले, व्हिडिओ केला, मग आम्ही खायला घेतलं. नूडल धड मऊ नाहीत, धड कडक नाहीत, आणि त्यांना साबणासारखा वास. खाऊन होतं न होतं तोच बिल समोर. आम्ही भारतीय म्हणून असं वागले का?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्याशी अडखळले : मुलाने फोटो काढले, व्हिडिओ केला. किती वेळ गेला हो त्यात? पाच मिनिटं? मग तुम्ही जे खाल्लं ते त्या दुकानाने तुम्हाला दिलेलंच नव्हतं. दिलं तेव्हा ते वेगळं होतं.

ही नूडल आपल्या ओळखीची नाही. मैदा, बदकाची अंडी आणि क्षाराचं पाणी, एवढंच तिच्यात असतं. साधं पाणी जवळजवळ नाहीच. पीठ इतकं घट्ट की हाताने मळता येत नाही. जुन्या पद्धतीत जाड बांबूचं एक टोक ओट्याला अडकवतात, दुसऱ्या टोकावर माणूस एक पाय टाकून बसतो आणि सी-सॉवरच्या पोरासारखा उड्या मारत त्या बांबूखाली पीठ दाबत सरकतो. शाम शुई पो भागात लाऊ सम की नावाचं दुकान आहे, ते बांबूच्या नूडलसाठीच ओळखलं जातं. तिथली नूडल आमच्या आईच्या हातच्या शेवयांइतकी बारीक, पण दाताखाली करकरते. ती उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवतात, लगेच गार पाण्यात काढतात, पुन्हा गरम पाण्यातून फिरवतात आणि वाडग्यात टाकतात. त्या क्षणापासून ती रस्सा पीत राहते. पहिली दोन-तीन मिनिटं ती राणी असते. सातव्या मिनिटाला तिची खीर होते.

आता हे डोक्यात ठेवून तुमच्या तक्रारी एकेक बघा. वाडगा लहान का? कारण मोठा वाडगा संपेपर्यंत खालची नूडल फुगून जाते. ही वस्तू जेवण म्हणून नव्हतीच, मधल्या वेळचं खाणं होतं. लहान वाडग्याला तिकडे जुने लोक 'सइ युंग' म्हणतात. त्यात चार वन्थन आणि एक मूठ नूडल, बस्स. भूक राहिली तर दुसरा मागवतात, लाजत नाहीत. आमचे हे तर बसतानाच दोन सांगायचे, पण 'दुसरा नंतर आण' असं बोटाने खुणावून.

वाडगा बघितलात तर चमचा दिसला नसेल. तो तळाशी असतो. चमच्यावर वन्थन, वन्थनवर नूडल, असं रचतात, म्हणजे नूडल रश्श्याच्या वर डोकं काढून राहते आणि उशिरा भिजते. आपण फोटोसाठी चॉपस्टिकने ढवळून वन्थन वर काढतो आणि ती सगळी रचना पाण्यात घालतो. मीही पहिल्यांदा हेच केलं होतं, तेव्हा हातात मोबाइल नव्हता एवढाच फरक.

आणि म्हणूनच वाडगा आदळला जातो. वेटर तुमच्यावर चिडलेला नव्हता. स्वयंपाकी काचेमागे उभा राहून वाडगे भरतो आणि वेटर ते पोचवतो. मधे कुणी बोलत बसलं तर नुकसान तुमचंच. अनोळखी माणसांच्या टेबलावर बसवण्याला 'दाप थॉय' म्हणतात. तिथे बँकेतला साहेब आणि हातगाडी ओढणारा समोरासमोर बसतात आणि एकमेकांकडे बघतही नाहीत. दुपारच्या गर्दीत आपल्याकडे मिसळीच्या दुकानात काय होतं? समोरचा 'बसू का' सुद्धा विचारत नाही. तिथे आपल्याला राग येत नाही, कारण तिथे आपण आपले असतो.

साबणाचा वास मात्र खरा आहे, तुमचं नाक चोख आहे. तो क्षाराचा वास. आपल्या पापडखाराच्याच जातीचा. त्यानेच नूडलला ती पिवळी झाक येते आणि चिवटपणा येतो. थोडा पिवळेपणा अंड्याचा, थोडा ह्या क्षाराने मैद्यातून काढलेला. चांगल्या दुकानात गार पाण्यात काढल्यावर वास बराच उतरतो. तरी राहिलाच तर टेबलावर लालसर व्हिनेगरची बाटली असते, ती त्यासाठीच.

पण ती कशी वापरायची, हे मला एका म्हाताऱ्याने शिकवलं. 1991 साली आम्ही हाँगकाँगच्या हुंग हॉम भागात राहायला गेलो, त्या पहिल्याच आठवड्यात खालच्या दुकानात मी एकटी गेले. वाडगा आला आणि आल्या आल्या मी त्यात व्हिनेगर ओतायला घेतलं, आपण मिसळीवर लिंबू पिळतो तसं. समोर बसलेल्या आजोबांनी माझ्या हातातली बाटली काढून घेतली. अक्षरशः काढून घेतली. एक शब्द न बोलता माझ्या चमच्याकडे बोट दाखवलं, मग रश्श्याकडे. म्हणजे आधी कोरा रस्सा पी. मी प्यायले. मग त्यांनी नूडलकडे बोट दाखवलं. ती खाल्ली. अर्ध्यावर आले तेव्हा बाटली परत माझ्यापुढे सरकवली. तोवर त्यांचा वाडगा रिकामा झाला होता. ते उठले आणि निघून गेले. एकोणीस वर्षांत ते मला पुन्हा दिसले नाहीत.

तो कोरा रस्सा आधी का प्यायचा, तर दुकानाची सगळी अक्कल त्यात असते. डुकराची हाडं, वाळवलेली कोळंबी किंवा तिची अंडी, आणि भाजलेला एक सुका मासा, चपटा, आपल्या लेपीसारखा. मी अलिबागकडची. तो पहिला घोट घेतला आणि थेट आजीच्या पडवीत जाऊन पोचले, जिथे पावसाळ्याची बेगमी म्हणून सोड्यांचे, म्हणजे सुक्या कोळंबीचे डबे असायचे. परदेशात जाऊन सोड्यांचा वास यावा आणि तोही इतका सभ्य होऊन!

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. तो मी टाळणार नाही. नाही, ह्या दुकानात तुम्ही भारतीय म्हणून असं झालं नाही. तिथे सगळ्यांनाच असंच वागवतात. तिथल्या बायका नाक मुरडून त्याच्या गोष्टी सांगतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच जातात. पण हाँगकाँगमध्ये भारतीयांना कधी अपमान सोसावा लागत नाही, असं मी म्हणणार नाही. आम्ही दुसरं घर शोधत होतो तेव्हा फोनवर सगळं ठरायचं आणि आडनाव ऐकलं की फ्लॅट अचानक 'गेलेला' असायचा. असं तीनदा झालं. वंशभेदाविरुद्धचा कायदा तिकडे 2008 साली झाला, म्हणजे आम्ही जाऊन सतरा वर्षं झाल्यावर. तर खरा अपमान मला माहीत आहे आणि तो फार गोड आवाजात होतो. वाडगा आदळणं हा त्यातला नव्हे.

पुढच्या वेळी जाल तेव्हा दुपारी तीनला जा, गर्दी नसते. स्वतःचे कागदी रुमाल न्या, बऱ्याच दुकानांत ते ठेवत नाहीत. चहा आणून ठेवला तर दोन बोटांनी टेबलावर टकटक करा, तो तिकडचा आभार. टिप ठेवायची गरज नाही. आणि मुलाचा मोबाइल तुमच्या पर्समध्ये.

प्रश्न : माझे मिस्टर सध्या नोकरीनिमित्त हाँगकाँगला आहेत. दिवाळीत सासूबाईंना घेऊन जाते आहे. त्या माळकरी आहेत, अंडंही चालत नाही. त्यांना निदान 'व्हेज वन्थन' तरी मिळेल ना?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : त्या दुकानात नाही. स्पष्ट सांगते, कारण अशा ठिकाणी 'व्हेज आहे ना?' विचारलं की समोरचा मान हलवतो आणि वाडग्यातून फक्त वन्थन काढून बाकीचं देतो. नूडलमध्ये अंडं आहे, रश्श्यात डुकराचं हाड आणि मासा आहे. त्या दुकानांत हिरव्यागार उकडलेल्या भाजीची बशी मिळते. बघून वाटतं, ही तरी चालेल. तिच्यावरचा तपकिरी सॉस कालवांचा असतो आणि तेल डुकराच्या चरबीचं असू शकतं. सासूबाईंना तिथे नेऊ नका. तुम्ही खात असाल तर एकट्या जा, वीस मिनिटांत परत याल.

पण त्यांनी उपाशी राहायचं कारण नाही. हाँगकाँगमध्ये बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण उत्तम मिळतं, बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. एकादशीवाल्यांची सोयच. लांताऊ बेटावर डोंगरात पो लिन मठ आहे, समोर बुद्धाची 34 मीटर उंच ब्राँझची मूर्ती. मठात शाकाहारी जेवण मिळतं. मूर्तीच्या पायऱ्या अडीचशेच्या वर आहेत, गुडघे विचारून चढा. गुडघे नाही म्हणाले तर डायमंड हिलला चि लिन विहाराशेजारच्या नान लियान बागेत जा. तिथलं शाकाहारी उपाहारगृह धबधब्यामागे आहे आणि रस्ता सपाट आहे. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिथले अनेक लोक स्वतःच मांस सोडतात, त्या दिवशी अशी ठिकाणं भरलेली असतात. म्हणजे त्यांच्यातही पौर्णिमा पाळणारे आहेत, हे सासूबाईंना सांगा, त्यांना शहर लगेच आवडेल.

तिकडच्या कँटनी भाषेतलं एक वाक्य पाठ करा : 'ङो सिक् चाय'. मी शाकाहारी आहे. 'ङो'मधला ङ वाङ्मयातला. 'चाय'चा च 'चाक'मधला, 'चहा'मधला नव्हे. इंग्रजांना हे दोन्ही उच्चार जमत नाहीत, आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेत. शेवटचा शब्द वरच्या पट्टीत म्हणा. तरीसुद्धा साध्या दुकानात अंडं आणि दूध वेगळं विचारून घ्या.

प्रश्न : मोमो आणि वन्थन यात फरक काय? आमच्याकडे चायनीजच्या गाडीवर तळलेले 'वॉन्टन' मिळतात, तेच का हे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : मोमोचं आवरण जाड, पोटभरीचं. तो वाफवतात आणि चटणीशी खातात. वन्थनचं आवरण इतकं पातळ की आतली गुलाबी कोळंबी दिसते, रश्श्यात त्याची शेपटी ओढणीसारखी तरंगते. कँटनी लोक हा शब्द ज्या अक्षरांत लिहितात त्यांचा अर्थच 'ढग गिळणे'. उच्चार 'वन्-थन्' असा, म्हणून मी तसा लिहिते. गाडीवरचा तळलेला प्रकार त्याचा दूरचा चुलतभाऊ. कुरकुरीत असतो, मला आवडतो, पण त्यात कोबी भरून त्याला ढग म्हणणं जरा जास्त होईल.

प्रश्न : काकू, मी हॉस्टेलमधून आता फ्लॅटवर राहायला आलोय, मित्रांसाठी हे घरी करायचं आहे. रेसिपी द्या ना. नूडलही घरीच करू का? बांबू मिळेल.
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : बांबू राहू दे रे बाबा. खालच्या मजल्यावर कोण राहतं? नूडल विकतची घे, अंड्याची, सगळ्यांत बारीक मिळेल ती, आणि पाकिटावर जेवढा वेळ लिहिलाय त्याच्या निम्म्यात बाहेर काढून गार पाण्याखाली धर.

मेहनत वन्थनवर कर. पाव किलो कोळंबी सोल, मधला काळा दोरा काढ. तिला अर्धा चमचा खायचा सोडा आणि थोडं मीठ चोळून वीस मिनिटं ठेव. मग वाहत्या गार पाण्याखाली धू, हात दुखेपर्यंत धू. सोड्याचा बुळबुळीतपणा पूर्ण गेला पाहिजे. हॉटेलातली कोळंबी दाताखाली जी 'कट्' करते ती ह्या धुण्यामुळे. मी हे पाच वर्षं विचारत होते. आम्ही हाँगकाँग सोडलं त्या महिन्यात आमच्या खालच्या दुकानाच्या मालकिणीने सांगितलं. धुतलेली कोळंबी फडक्यात कोरडी कर. निम्मी अख्खी ठेव, निम्मी जाडसर चिर. तिकडे थोडी डुकराची चरबी घालतात. तुला चालत नसेल तर कोंबडीच्या मांडीचा मूठभर खिमा घे. पांढरी मिरपूड, थेंबभर तिळाचं तेल, चमचाभर कॉर्नफ्लोर, अर्ध्या अंड्याचं पांढरं. एकाच दिशेने फेट आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव.

आवरणाचे पिवळट चौकोन गोठवलेले मिळतात. मध्ये एक घास सारण, कडेला पाणी, आणि मूठ वळल्यासारखं एकत्र दाब. मोदकासारख्या कळ्या पाडत बसू नकोस, इथे कळ्यांना कुणी मार्क देत नाही. वेगळ्या पाण्यात उकळ, रश्श्यात नको, तो गढूळ होतो. वर तरंगले की आणखी मिनिटभर.

रश्श्यासाठी कोंबडीची हाडं, आलं आणि मूठभर सोडे. सोडे आधी तव्यावर कोरडे भाज. सुकी लेप मिळाली तर तीही चांगली खरपूस भाजून घाल. दोन तास मंद आच. आणि एक विनंती : बोंबील घालू नकोस. पुण्याला परत आल्यावर मला वाटलं, सुका मासा तो सुका मासा. तीन सुके बोंबील टाकले आणि झाकण ठेवून भाजी आणायला गेले. परत आले तर सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात उभे, वॉचमनला गटार तपासायला सांगत होते. रस्सा वाईट नव्हता झाला, पण तो बोंबलाचा रस्सा होता, वन्थन पोहता पोहता चुकून त्यात आल्यासारखे.

मित्र टेबलावर बसल्याशिवाय नूडल पाण्यात सोडायची नाही. एकेकाला वाडगा दे आणि सगळ्यांचं येईपर्यंत थांबू नका म्हणून सांग. वदनी कवळ घेता आधीच म्हणून घ्या.

प्रश्न : ताई, पार्सल मिळतं का? माझे वडील तिकडे उपचारासाठी जाणार आहेत, त्यांना हॉटेलच्या खोलीत नेऊन देता येईल का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : मिळतं. नूडल एका डब्यात कोरडी, रस्सा आणि वन्थन दुसऱ्यात. खोलीत जाऊन एकत्र करायचं. किंवा 'लो मीन' मागा : ती मुळातच कोरडी, सॉसमध्ये घोळवलेली असते आणि रस्सा वेगळ्या वाटीत देतात. पार्सलला तीच बरी.

2004 साली ह्यांचा घोटा मोडला होता. रुग्णालय दुकानापासून बसने बारा मिनिटांवर. पहिल्या दिवशी मला हे वेगवेगळ्या डब्यांचं माहीत नव्हतं. मी अख्खा वाडगा एका डब्यात ओतून घेतला, स्कार्फमध्ये गुंडाळला आणि मांडीवर धरून नेला. उघडला तेव्हा रस्सा दिसतच नव्हता, सगळा नूडलने पिऊन टाकला होता. डब्याच्या आकाराची एक पिवळी वडी. मी झाकण लावायला गेले तर ह्यांनी माझा हात धरला, चमच्याने ती वडी चौकोनी कापली आणि म्हणाले, "आज वड्या आहेत तर. उद्या जरा पातळ आण."